धुळाजीच्या दवंडीचं शेपूट

आमच्या गावात लाइट गेली तरी कुणाचं काही अडत नसे, पण धुळाजीला सर्दी झाली की गाव आंधळं-बहिरं व्हायचं. रेशनचं रॉकेल कधी येणार, पोरांना डोस पाजायला नर्सबाई कधी येणार, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, हे सगळं गावाला कळायचं ते धुळाजीच्या नरड्यातून. गाव आमचं केज तालुक्यातलं. माझं किराणा दुकान चावडीच्या समोर. त्यामुळं ती दवंडी निघायची तेव्हा पहिला दणका माझ्या कानाला बसायचा. दुपारी जरा पडावं म्हटलं की हा उभाच. शिव्या मी पुष्कळ घातल्या, पण त्याच्या आवाजापुढं माझ्या शिव्या त्याला ऐकू गेल्या असतील असं वाटत नाही.

जातीचा धनगर. बापजाद्यांची मेंढरं होती. हा पोरवयात माळावर उभा राहून ओढ्यापल्याडच्या कुत्र्याला दम भरायचा आणि कुत्रं खाली बसायचं, असं जुनी माणसं सांगत. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, आवाज तेवढा मागं राहिला. मग ग्रामपंचायतीनं त्याला दवंडीचं काम दिलं. हलगी-बिलगी काही नाही. माझ्या दुकानातला गोड्या तेलाचा रिकामा डबा दोरीनं गळ्यात अडकवायचा आणि बाभळीच्या काठीनं बडवायचा. दर दिवाळीला नवा डबा मागायला यायचा आणि वर मलाच ऐकवायचा, "आप्पा, औंदाचा डबा जरा बरा द्या, मागल्याचा आवाज बसला व्हता."

त्याच्या दवंडीला एक शेपूट होतं. गावात बाहेरचं कुणीही येणार असलं, की शेवटी तो आपल्या पदरचं एक वाक्य जोडायचा, "समद्यांनी आंगन झाडूनशान सारवूनशान ठेवावं होऽऽ!" हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "पावना दारात येनार म्हनल्यावर दार नीट नको का?" असं त्याचं म्हणणं. एकदा थकलेल्या बिलापायी लाइट तोडायला माणसं येणार होती. सावध करायचं म्हणून सरपंचानं दवंडी द्यायला लावली. धुळाजीनं सवयीनं शेपूट जोडलं आणि वायर कापायला येणाऱ्यांसाठी बायांनी सडा टाकून ठेवला. आम्ही वर्षभर त्याला त्यावरून पिडलं. तो हसायचा. ते शेपूट पुढं कुणाच्या गळ्याशी येईल, हे तेव्हा हसणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक होतं?

गोष्ट शहाण्णव सालची. देशाची दारं जगाला उघडली, असं पेपरात रोज छापून यायचं. माझ्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, सरपंचाच्या माळवदावर टीव्हीची परात चढली होती. ओढ्यापल्याडच्या वस्तीवर मात्र उघडायला मुळात दारंच नव्हती. पोत्याचे पडदे होते. ती सगळी ऊसतोडीला जाणारी माणसं. दसरा झाला की बैलगाड्या भरून कारखान्याकडं जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. तोवर कुणाचं छप्पर उडालेलं, कुणाची भिंत खचलेली. मग माती कालवायची, लिंपायचं, सारवायचं आणि चार महिने त्यातच काढायचे.

धुळाजीची धाकटी बहीण रतनबाई ह्याच वस्तीवर राहायची. नवरा उसाच्या फडातच पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. एक पोरगी, ती आष्टीकडं दिलेली. गुडघे कामातून गेल्यावर रतनबाईची तोड बंद झाली आणि ती त्या दोन खणांच्या घरात एकटी उरली. दगडमातीच्या भिंती, वर गंजके पत्रे, पत्र्यांवर दगड. मागची भिंत बाहेरच्या अंगाला पोट काढून उभी होती आणि तिला धुळाजीनं बाभळीच्या खोडाचा टेकू दिलेला होता. दुकानात मीठमिरची न्यायला आली की बाई हटकून सांगायची, "आप्पा, सारा जलम पाचटाच्या कोप्यात गेला बगा. आज ह्या कारखान्यावर, उद्या त्या. मरान तरी पक्क्या भितीत येऊ द्या म्हन्ते." मी म्हणायचो, "मरणाचं काय बोलतीस, गूळ घे." पण तिचं मागणं एवढंच होतं. एक भिंत, जी दरवर्षी तिच्याकडं माती मागणार नाही.

त्या साली घरकुलाची योजना आमच्याकडं जोरात आली. जनजागृती करायची असं वरून फर्मान होतं. म्हणून एक भोंगेवाली जीप आली. भोंग्यातला माणूस म्हणाला, "दारिद्र्यरेषेखालील निवारा नसलेल्या तसेच कच्च्या निवाऱ्यातील पात्र कुटुंबांनी सदर योजनेचा लाभ घ्यावा." जीप निघून गेली. धूळ खाली बसली, पण एक शब्द कुणाच्या डोक्यात बसला नाही. मागून एक पेंटर आला आणि न विचारता माझ्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर चित्र काढून गेला. लाल कौलांचं घर, झाडलेलं अंगण, दारात फुलझाड, शेजारी हसणारा नवरा आणि हसणारी बायको. खाली 'हक्काचं घर' असं ठळक अक्षरात.

धुळाजी चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "आप्पा, हे कुनाचं घर हाय?"

"कुणाचंच नाही. ज्याचं घर पडकं-कच्चं आहे, त्याला सरकार पक्क्या घराला मदत देणार. साहेब येऊन घरं बघणार आणि ठरवणार."

"रतनीला भेटंल?"

"तिला नाही तर कुणाला?"

बस्स. त्या दिवसापासून धुळाजीला घरकुलाचं वेड लागलं. ग्रामपंचायतीनं त्याला एकच दवंडी द्यायला सांगितली होती. हा रोज द्यायला लागला. डबा बडवून झाला की तो वस्तीवरच्या एकेका खोपटापुढं बसायचा आणि समजावून सांगायचा. भोंग्याला जे जमलं नाही ते ह्यानं केलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. म्हणायचा, "तुमच्या घरात पावसाचं पानी येतंय का? भीत हालती का? मंग हे तुमच्यासाठीच हाय." लोकांचा विश्वास बसेना. फुकट कोण देतंय बे, असं गडी म्हणायचे. रामहरी नावाच्या एका म्हाताऱ्यानं तर उठवलं, की घराच्या नावाखाली गाडीत घालून नेतात आणि नसबंदी करून सोडतात. धुळाजी त्याला म्हणाला, "रामहरी, तुझं वय काय? तुला न्हेऊन त्यायचा काय फायदा?" वस्ती हसली आणि हसता हसता विश्वास ठेवायला लागली. सरकारवर नव्हे. धुळाजीवर.

पाहणीचा दिवस ठरला. आदल्या सांजेला धुळाजी नवा डबा घेऊन निघाला. त्या दिवसाइतका आवाज त्यानं कधी लावला नसेल. "आयका हो आयका! उद्याच्याला साहेब येनार हायती! वस्तीवरली घरं बगनार हायती! कुनी रानात जाऊ नगा होऽ!" आणि मग, बैल आपसूक गोठ्याकडं वळतो तसं, "समद्यांनी आंगन झाडूनशान सारवूनशान ठेवावं होऽऽ!"

मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. मलाही त्यात काही खटकलं नाही.

वस्तीवर दिवाळी आल्यासारखी धांदल उडाली. पांढरी माती आणली, भिंती लिंपल्या, वर चुन्याचा हात मारला. ज्यांच्या घरात दोन ताटं होती त्यांनी गावातून उसनी भांडी आणून फळीवर मांडली. माझ्या दुकानाच्या भिंतीवरचं ते चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं ना! घर द्यायचं ते अशा टापटिपीच्या माणसांना, असंच त्यांना वाटलं. घाणेरड्या बाईला कोण घर देईल? रतनबाई माझ्याकडं आली ती चहाचे कप-बशा मागायला. माझ्या बायकोनं, शांतादेवीनं, पाहुण्यांसाठीचे ठेवणीतले कप दिले. मग रतनबाई घोटाळत उभी राहिली.

"आनि आप्पा, तुमच्या दुकानाचं क्यालेंडर हाय का एखादं? म्होटं?"

"कशाला गं?"

"मागल्या भितीला भेग हाय. साहेबाला दिसली तर काय म्हनंल?"

मी तिला महादेवाच्या चित्राचं मोठं कॅलेंडर काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, घाईत होते. अशी सात गावं त्यांना दिवस मावळायच्या आत उरकायची होती. वस्तीत शिरले आणि जागीच थांबले. पांढऱ्याशुभ्र भिंती, सारवलेली अंगणं, दारोदार रांगोळी. रतनबाईच्या घरी ते आत आले, उसन्या बाजेवर उसन्या गादीवर बसले, माझ्या कपातून चहा प्याले. फळीवरची चकचकीत भांडी बघितली, महादेवाला नमस्कार केला. भिंतीमागचा टेकू बघायला मागं कुणी गेलं नाही. टेकूवर रतनबाईनं धुतलेलं लुगडं वाळत घातलेलं होतं.

"वा! घर फार छान ठेवलंय बाई," साहेब म्हणाले.

रतनबाई एवढी लाजली, की तिनं पदर तोंडाशी नेला. त्या दिवशी कप परत द्यायला आली तेव्हा तिचं तोंड उजळलेलं होतं. माझ्या बायकोला म्हणाली, "साहेब माजं घर छान हाय म्हनले, शांताक्का. आता देतेत बगा."

पुढच्या महिन्यात ग्रामसेवक तंबाखू घ्यायला दुकानात आला. धुळाजी पायरीवर बसलेला. ग्रामसेवक चुना मळत सहज म्हणाला, "तुमच्या वस्तीचं एकही घर यादीत बसलं नाही. साहेब म्हणाले, घरं एकदम झकास आहेत, भांडीकुंडी आहेत, ह्यांना कशाला घरकुल? खरे गरजू दुसरीकडं आहेत."

धुळाजीला आधी समजलंच नाही. "पन आमी तर समदं नीट केलं व्हतं," तो म्हणाला.

"म्हणूनच तर," ग्रामसेवक म्हणाला आणि तंबाखू दाढेखाली धरून गेला.

धुळाजीचा चेहरा मला आजही दिसतो. तो माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी वेगळं सांगीन म्हणून. मी काय सांगणार? गरिबानं गरिबी उघडी टाकायची असते, तरच ती सरकारला दिसते, हे त्याला कुठं माहीत? आमच्याकडं फाटकं असलं तर ठिगळ लावून, धुऊन, घडी घालून नेसतात. अब्रू म्हणतात तिला. ती अब्रूच नडली. मला त्या साहेबाचा राग आला, ग्रामसेवकाचा आला, भिंतीवरच्या त्या हसऱ्या नवराबायकोचा तर इतका आला, की मी संध्याकाळी गडी लावून त्यावर चुना फासला.

धुळाजी केजला गेला. पंचायत समितीच्या व्हरांड्यात दिवसभर बसला तेव्हा कुठं साहेबाची गाठ पडली. साहेब वाईट माणूस नव्हता म्हणे. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "पुन्हा पाहणी होईल तेव्हा बघू. पण बाबा, पाहणीच्या वेळी घर जसं आहे तसं दिसलं पाहिजे."

हे वाक्य धुळाजीनं गाठीला बांधून आणलं. दुसऱ्याच दिवशी गळ्यात डबा अडकवून वस्तीवर फिरला. "आयका हो आयका! पुन्यांदा साहेब येनार हायती! घर जसं हाय तसं ठेवा हो! कुनी लिपू नगा, सारवू नगा होऽऽ!" जन्मभराचं शेपूट त्यानं उलटं फिरवलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. गड्यांनी थट्टा केली. काहींनी थोडे दिवस ऐकलं, पण पाहणी काही येईना. मग निवडणूक लागली, आचारसंहिता आली, पाहणी पुढं गेली. एकेक करून सगळ्यांनी घरं लिंपून घेतली. मातीच्या घराला अंगावरून हात फिरवावाच लागतो, नाहीतर ते खंगतं.

एकट्या रतनबाईनं हात लावला नाही. का, तर दादा म्हणाला.

दसरा आला. आमच्याकडं घट बसायच्या आधी घर काढतात. चिंधीन् चिंधी धुतात, कोपरान् कोपरा सारवतात. न सारवलेल्या घरात देवी बसत नाही. रतनबाई दुकानात नाडा आणि सुपारी घ्यायला आली होती, धुळाजी पायरीवरच होता.

"दादा, घटापुरता तरी कोपरा सारवू का रं?"

"नगं गं रतने. साहेब याच म्हयन्यात येतेत म्हन्ले हायती."

"मंग देवी कुटं बसवू?"

धुळाजी खाली बघत म्हणाला, "औंदा ताराबाईच्या घरी बसव. पुढल्या साली पक्क्या घरात बसव."

रतनबाईनं डोळ्याला पदर लावला. "कावून रडायलीस?" धुळाजी म्हणाला, पण त्याचाही आवाज, तो एवढा मोठा आवाज, कुठं गेला होता कुणास ठाऊक. ताराबाई तिची शेजारीण. त्या वर्षी रतनबाईनं तिच्या घरी घट बसवला. पुढल्या वर्षीही तिथंच बसवला.

मी एकदा धुळाजीला धरलाच. म्हटलं, "अरे, भिंत बघितलीस का? निम्मी माती वाहून गेली. पाहणी गेली खड्ड्यात, लिंपून घे."

"आप्पा," तो म्हणाला, "एकदा माझ्या तोंडानं ती बुडाली. आता लिपलं आनि दुसऱ्या दिशी साहेब आला तर?"

"आणि नाही आला तर?"

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. आडात पडलेल्यानं दोर सोडू नये हे खरं, पण दोर वर कुणी धरलाय का, हे एकदा बघायला नको?

दुसऱ्या वर्षीचे घट उठले आणि मागून परतीचा पाऊस लागला. तीन दिवस झडच. बाजाराचा दिवस असून कुणी केजला गेलं नाही. दुपारी धुळाजी माझ्या ओसरीला अंग चोरून बसला होता. ओढ्याकडून ताराबाई धावत आली. डोक्यावर पोतं नाही, पायात काही नाही. ती धुळाजीला काही बोलली नाही, मलाच म्हणाली, "आप्पा, भीत बसली."

आम्ही गेलो तेव्हा घराच्या जागी ओल्या मातीचा ढीग होता आणि त्यावर पत्रे वाकडे पडले होते. पोट काढलेली भिंत टेकूच्या बाजूला न जाता आतल्या अंगाला आली होती. रतनबाई चुलीपुढं बसलेली असणार. गड्यांनी हातांनी माती ओढली. मातीत माझ्या दुकानाचं कॅलेंडर निघालं, मग ती निघाली. धुळाजी तिला हाका मारत होता. माळ हलवणारा तो आवाज, आणि हातभर अंतरावरच्या बहिणीला ऐकू जाईना.

तिचे दिवस झाले. आष्टीहून आलेली लेक परत गेली. धुळाजीनं डबा माझ्या दुकानात आणून ठेवला. "ह्याच्यात तेल भरा," एवढंच म्हणाला. त्यामुळं पाहणीची जीप आली ती दवंडीशिवायच आली. साहेब नवे होते, तरुण. त्यांच्याबरोबर ग्रामसेवक, मागं मी, आणि रामहरी म्हाताऱ्यासकट सारी वस्ती. पावसानं रस्ते चिखलात गेल्यानं वस्तीच्या गाड्या अजून तोडीला निघाल्या नव्हत्या. ह्या वेळी कुणी काही झाकलं नव्हतं. साहेब घराघरात शिरून, मागं जाऊन नीट बघत होते. चांगला मुलगा होता तो. दोन वर्षं आधी का आला नाही?

रतनबाईच्या ढिगापुढं ते थांबले. पुढचा उंबरा आणि दाराची एक चौकट तेवढी उभी होती. "हे घर तर नक्कीच पात्र आहे," ते म्हणाले. "कोणाचं आहे?"

ग्रामसेवकानं मान खाली घातली. गर्दीतून धुळाजी पुढं आला. "माझ्या बहिनीचं हाय, साहेब."

"कुठं आहेत त्या? बोलवा त्यांना."

सगळ्यांच्या नजरा ढिगाकडं गेल्या. साहेबांना हळूहळू कळलं असावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. धुळाजी त्यांच्याकडं बघत होता, पण त्याच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वाईच थांबा साहेब," तो म्हणाला. "ताराबाई, एक पाटी शेन दे गं. आनि पानी दे."

ताराबाईनं आणून दिलं. धुळाजीनं डोक्याचा पटका काढून उंबऱ्यावर ठेवला, गुडघे टेकले आणि ढिगापुढचं ते अंगण सारवायला लागला. गडीमाणूस कधी सारवत नाही आमच्याकडं. त्याचा हात नीट फिरत नव्हता, कुठं जाड थर बसत होता, कुठं माती उघडी राहत होती. मागच्या बाया हुंदके द्यायला लागल्या.

"अहो बाबा, काय करताय हे?" साहेब म्हणाले.

"दारात पावना आलाय न्हवं," धुळाजी खाली बघत म्हणाला. "तिचं आंगन कवा असं नसायचं, साहेब."

उंबऱ्यापर्यंत सारवून झाल्यावर तो बाजूला सरकून बसला. दोन वर्षांत त्या अंगणाला पहिल्यांदा हात लागला होता. साहेबांना पलीकडं जाऊन जागा बघायची होती, पण अंगण ओलं होतं, आणि ओल्या अंगणावर पाय ठेवा असं त्यांना सांगायला कुणी पुढं येत नव्हतं.